चालत्या इंजिनाला हात

लिहायला बसलो आहे, पण आधी माफी मागतो. जहाजाच्या इंजिनाबद्दल लिहिण्याचा मला तसा काहीच अधिकार नाही. जहाज मी एकदाच पाहिलं आहे, तेही शाळेच्या सहलीत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून, आणि ते इतकं लांब होतं की आमच्यातले निम्मे जण त्याला खडक समजत होते. मी सांगलीत मेकॅनिकलचा डिप्लोमा करतो. आमच्या घरातून कॉलेजात पाय ठेवणारा मी पहिलाच. त्यामुळे असेल, पण चार लोकांनी वाचावं असं काही लिहिताना अजून वाटतं की मागून कोणीतरी येईल आणि म्हणेल, ऊठ, ही जागा तुझी नाही.

तरी लिहितो, कारण परीक्षेत मला एक प्रश्न आला होता. नियोजित देखभालीचे फायदे लिहा. उत्तर मी लिहिलं, पुस्तकातल्यासारखे मुद्दे काढून. पण त्या दिवशी माझ्या मनात जे होतं त्यातलं काहीच त्या पानावर उतरलं नाही. ते इथं लिहून बघतो. चुकलं तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

आमची वस्ती म्हसवडपासून आत, माळावर आहे. आजोबांपर्यंत आमची सगळी माणसं मेंढरांमागं फिरली. आप्पा, म्हणजे माझे वडीलही उमेदीत फिरले. आता घरी थोडी मेंढरं आहेत आणि थोडं रान आहे. माझा थोरला भाऊ, दादा, मात्र मेंढरांमागं गेला नाही. त्यानं आयटीआयला फिटर केलं, मग जहाजावरच्या कामाचं ट्रेनिंग घेतलं आणि एका मालवाहू बोटीच्या इंजिन रूममध्ये लागला. तो नेमकं काय करतो हे वस्तीवर अजून कोणाला नीट कळलेलं नाही. कोणी विचारलं की आई सांगते, "बोटीवर हाय. खाली असतोय, मशीनपाशी." यातला 'खाली' शब्द म्हणताना तिचा आवाज बारीक होतो.

दादा मागं सुट्टीवर आला होता तेव्हाची एक गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्या विहिरीवर एक जुनं डिझेल इंजिन आहे, आमचं आणि नानांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं, सामाईक. लाईट गेली की त्याच्यावर पाणी काढायचं. एका दुपारी दादानं ते इंजिन खोलायला घेतलं. नाना लांबूनच ओरडत आले.

"काय बिघडलंय रं?"

"काय न्हाई."

"मग?"

"बिघडलं न्हाई तवरच खोलतोय. बिघडल्यावर खोलाय तुमी हायसाच की."

नाना कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी गोठ्याकडं तोंड करून हाक मारली, "आवं आप्पा, बघा की तुमचा बोटीवाला! चालत्या मेंढीचं पोट फाडून आत काय हाय बघतोय!"

आप्पा आले. त्यांनाही ते आवडलं नव्हतं. "चालतंय न्हवं?" एवढंच म्हणाले. आमच्याकडं हीच रीत आहे. चालत्या वस्तूला हात लावायचा नाही. सायकल असो, मोटर असो, नाहीतर माणसाचा गुडघा, बंद पडेपर्यंत तिच्याकडं बघायचंसुद्धा नाही, कारण बघितलं की ती रुसते.

दादानं ऐकलं नाही. फिल्टर धुतला, नोझल साफ केला, झडपांमधलं अंतर पट्टीनं तपासलं, एक पॅकिंग बदललं आणि सगळं पुन्हा बंद केलं. मी हातात पाने-पक्कड घेऊन शेजारी बसलो होतो.

"घावलं का काय?" नानांनी विचारलं.

"न्हाई. सगळं चांगलं हाय."

"बघ! दुपार घालवली फुकट."

तेव्हा दादानं हात पुसत पुसत सांगितलं. बोटीवर प्रत्येक भागाचं ठरलेलं असतं. इतके तास चालला की तो खोलायचा. चालू असला तरी खोलायचा. त्याच्यासाठी जागा बघायची, हवा बघायची, लागणारं सामान आधी मागवून ठेवायचं आणि मगच हात घालायचा. "तिथं मधीच बंद पडली तर नाना, गॅरेज कुठं हाय? खाली पाणी, वर आभाळ. आन इंजिन बंद पडलं की बोट तोंड फिरवून लाटंला आडवी हुती. मग ती बोट न्हाई, ओंडका हाय."

"आन खोलून काय घावलंच न्हाई तर?"

"तर बरं झालं म्हणायचं आन च्या प्यायचा."

नाना हसले. त्या उन्हाळ्यात विहिरीचं इंजिन एकदाही अडलं नाही. पण हे मला आत्ता लिहिताना आठवतंय. त्या वेळी कोणाच्याच लक्षात आलं नाही. अडलं असतं तर वस्तीनं ते वर्षभर सांगितलं असतं.

आता या जूनकडं येतो. माझी परीक्षा लांबली होती. मी सांगलीत मार्केट यार्डाच्या मागं एका खोलीत राहतो, एका मित्राबरोबर. तो वाळव्याकडचा, ऊसवाल्यांच्या घरातला, त्याचा भाऊ सैन्यात आहे. आमच्या खोलीत वर्षभर हळदीचा वास असतो. कपड्यांनाही, वह्यांनाही. दादाची बोट तेव्हा आफ्रिकेच्या खालच्या अंगाच्या एका बंदरातून कोळसा भरून आपल्या पश्चिम किनाऱ्याकडं निघाली होती. वाटेत विषुववृत्ताच्या आसपास समुद्र शांत असतो, पण तिथून वर आलं की पावसाळ्यातला अरबी समुद्र लागतो. हे मला दादानंच सांगितलं होतं आणि त्यानं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं मला वाटत होतं.

माझ्या फोनवर एक ॲप आहे. त्यात बोटीचं नाव घातलं की नकाशावर एक हिरवा बाण दिसतो. आप्पा रोज फोनवर विचारायचे, "कुठवर आली बोट?" आणि मी बाण बघून सांगायचो. आप्पांना नकाशा कळत नाही, पण वाट कळते. आज इतकी आली, उद्या तितकी येईल, असा त्यांचा हिशोब चालायचा.

एका सकाळी दादाचा आवाजी मेसेज आला. मागं यंत्राची घरघर होती. "आता मशीनचं जरा मोठं काम निघालंय. ते उरकंस्तवर बोलणं व्हायचं न्हाई. नेटचं बी खरं न्हाई. आईला सांग." एवढंच. त्या दुपारी ॲप उघडलं तर बाणाचा ठिपका झाला होता. एका बेटाच्या शेजारी, भर समुद्रात. वेग शून्य.

मी मित्राला दाखवलं. तो म्हणाला, "च्याला थांबली असंल गड्या. लांबची गाडी हाय, ड्रायव्हरला बी टपरी लागतीच की."

मी हसलो, पण फोन खाली ठेवला नाही. 'काम निघालंय' हे शब्द मी परत परत ऐकत होतो. काम ठरलेलं असलं तर माणूस 'निघालंय' म्हणेल का? की बिघाड झाला म्हणून ते निघालं? दादाचा आवाज नेहमीचाच होता. पण दादा घाबरला तरी त्याचा आवाज नेहमीचाच असतो.

संध्याकाळी आप्पांचा फोन आला. "कुठवर आली?"

मला खोटं सुचलं नाही. "थांबलीय आप्पा."

"बंदरात?"

"न्हाई. मधीच."

फोनवर मेंढरांचा आवाज येत राहिला. मग आप्पा म्हणाले, "मधीच थांबत न्हाईत रं. कळप मधीच थांबतो तवा पुढं काय तरी दिसल्यालं असतंय, न्हायतर कळपात काय तरी झाल्यालं असतंय."

दुसऱ्या दिवशी मी धीर करून कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. काय बोलायचं ते आधी इंग्रजीत लिहून काढलं होतं. तिकडं एक बाई होत्या, सभ्य बोलत होत्या. बोट व्यवस्थित आहे, यापेक्षा जास्त सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. मी लिहून काढलेलं पुढचं वाक्य वाचायच्या आत माझ्या तोंडून थँक यू मॅडम निघून गेलं आणि फोन बंद झाला.

"काय म्हणली?" आप्पांनी विचारलं.

"ठीक हाय म्हणली."

"तिनं बघितली का?"

मी फोन ठेवला आणि पुन्हा ॲप उघडलं.

त्यानंतर ठिपक्याचा पुन्हा बाण झाला. बोट निघाली. मी आप्पांना लगेच कळवलं आणि त्या रात्री मला झोप लागली. पण दुसऱ्या दिवशी बाण त्याच जागेवर होता, तिसऱ्या दिवशीही, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही शेवटची मिळालेली खूण आहे. मग मी शोधलं. फुकटचं ॲप किनाऱ्याजवळच्याच बोटी पकडतं, पुढं गेली की तिचा पत्ता त्याला लागत नाही. म्हणजे बोट थांबली होती हे कळलं, निघाली हे कळलं, आणि आता ती मोठ्या लाटांकडं गेली असणार एवढंच कळत होतं. दुरुस्त होऊन गेली की कसंबसं चालू करून गेली, हे कळायला मार्ग नव्हता.

त्यातच आईनं नानांच्या घरी टीव्हीवर एक बातमी पाहिली. कुठल्या तरी दुसऱ्या देशाच्या किनाऱ्यावर एका मालवाहू बोटीचं इंजिन वादळात बंद पडलं होतं आणि लाटांनी ती खडकांवर नेऊन घातली होती. माणसं वाचली होती. ती बोट दादाची नव्हती, तो समुद्रही आपला नव्हता. पण आईनं फक्त चित्र पाहिलं होतं. नानांनी मला फोन केला. "तू ये बाबा. वैनी जेवत न्हाई. तूच सांग तिला काय ते."

पेपर तोंडावर आला होता, तरी रविवारी मी एसटीनं घरी गेलो. विट्याच्या पुढं रान कोरडं होत जातं आणि ढग वरून नुसते जातात. एरवी घरी जाताना मला बरं वाटतं. त्या दिवशी वाटत होतं की गाडी आणखी थोडी हळू जावी. तूच सांग म्हणाले होते, आणि माझ्याजवळ सांगायला काही नव्हतं.

आई सकाळीच म्हसवडला नाथाच्या दर्शनाला जाऊन आली होती. कपाळाला भंडारा तसाच होता. मला पाहून तिनं आधी माझ्या हातातल्या फोनकडं पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं. ती आत गेली आणि भाकरी थापायला लागली, पण थापण्याचा आवाज नेहमीसारखा लागत नव्हता. मधेच थांबायचा.

आप्पा लिंबाखाली बसून मेंढ्यांची खुरं कापत होते. मेंढीला ढुंगणावर बसवायचं, पाठ आपल्या मांडीला टेकवायची आणि चाकूनं वाढलेलं खूर तासायचं. नाना पलीकडून एकेक मेंढी धरून देत होते.

"तू तर मशीनचंच शिकतोस न्हवं?" नाना म्हणाले. "मग सांग की बोट का थांबली हुती. का ते वरच्या वर्गात हाय?"

मी सांगायचा प्रयत्न केला. इंजिन थांबवायची दोन कारणं असतात. एक, ते बिघडलं म्हणून थांबतं. दुसरं, बिघडायच्या आधी आपण थांबवतो. भर समुद्रात मुद्दाम थांबवणं सोपं नसतं, वरच्या ऑफिसची परवानगी लागते, पण चांगली हवा बघून थांबवतात. "ह्या दोनातलं कुठलं झालं ते मला सांगता येत न्हाई," असं म्हणताना माझा आवाज इतका खाली गेला की नानांनी पुढं चिडवलं नाही.

आप्पांनी चाकू न थांबवता विचारलं, "थांबली तिथं समुद्र कसा हुता?"

मी फोनवर पाहिलं होतं. "शांत. वारं न्हवतं."

"आन म्होरं?"

"म्होरं पावसाळी वारं. मोठ्या लाटा."

आप्पांनी चाकू खाली ठेवला. मेंढी त्यांच्या मांडीवर तशीच बसून राहिली. "म्हंजे घाटाच्या अलीकडं थांबली," ते म्हणाले.

मला काही समजलं नाही. नानांना मात्र समजलं. ते एकदम म्हणाले, "आरं व्हय की. म्हातारं थांबायचं न्हवं का?"

मग दोघांनी मिळून सांगितलं. दिवाळीनंतर आमचा वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाडं मिळून चालणारा सगळा गोतावळा, घाट उतरून कोकणात जायचा. घाटाच्या तोंडाशी, वरच्या पठारावर, आजोबा सगळा वाडा थांबवायचे. मेंढरं धडधाकट असायची, चारा नसायचा, खालचं हिरवं रान समोर दिसत असायचं, आणि म्हातारा म्हणायचा, खुरं बघा. एकूण एक मेंढीचं खूर उचलून बघायचं, वाढलेलं तासायचं, खडा रुतला असेल तर काढायचा, हळद आणि तेल भरायचं.

"आमी पोरं लय वैतागायचो," नाना म्हणाले. "लंगडत एक बी नसायची. म्हणायचो, आवं म्हाताऱ्या, चालत्यात की सगळ्या! तर म्हणायचा, सपाटीला चालत्यात."

"एका साली दुसऱ्या वाड्यासंगं गेलो हुतो," आप्पा म्हणाले. "त्यांचा कारभारी थांबला न्हाई. निम्म्या घाटात एक मेंढी बसली. वाट एवढी. मागचं मेंढरू पुढच्यावर. ती एक बसली आन सगळा कळप कड्याला लागला."

त्यांनी मांडीवरच्या मेंढीचं खूर अंगठ्यानं चाचपलं. कड्याला लागला म्हणजे काय झालं, हे मी विचारलं नाही.

आई दारात येऊन उभी राहिली होती. "मेंढराचं आन बोटीचं एकच असतंय व्हय?" ती म्हणाली.

"एक न्हाई गं," आप्पा म्हणाले. "मी थांबण्याचं म्हणलं." पण त्यांनी चाकू उचलला तेव्हा त्यांचाही विश्वास पुरता बसला नव्हता. दिवस मावळायच्या आत त्यांनी दोनदा विचारलं, "आता दिसती का?" दोन्ही वेळा बाण त्याच जागी होता. आईनं मात्र रात्री अर्धी भाकरी खाल्ली. मी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

पेपरच्या दिवशी मी लवकर उठलो. कृष्णेच्या घाटाकडं चक्कर मारून आलो, कारण खोलीत बसवत नव्हतं. नदीचं पाणी गढूळ आणि शांत होतं. पुराच्या खुणा अजून भिंतींवर आहेत, तरी लोक निवांत अंघोळ करत होते. मी ॲप उघडलं. तोच बाण, तीच जागा. मग फोन बंद करून पिशवीत घातला आणि पिशवी नियमाप्रमाणं परीक्षा हॉलच्या बाहेर ठेवली.

प्रश्नपत्रिकेत तो प्रश्न होता. नियोजित देखभालीचे फायदे लिहा. मी लिहिलं. यंत्र अचानक बंद पडत नाही. यंत्राचं आयुष्य वाढतं. अपघात टळतात. दुरुस्तीचा खर्च कमी होतो. सुटे भाग वेळेवर मिळतात. कामगारांचं मनोबल टिकतं. सगळं पाठ होतं. पण लिहिता लिहिता पेन थांबत होतं. मला लिहावंसं वाटत होतं की यातला एकही फायदा डोळ्यांना दिसत नाही. झडप तुटली तर तुटलेली झडप दाखवता येते. न तुटलेली कशी दाखवायची? सगळ्यात मोठा फायदा हा की एक बाई एका वस्तीवर पोटभर जेवते आणि आपण का जेवतोय हे तिला माहीतच नसतं. आणि तो फायदा झाला आहे की नाही, हे मला त्या बाकावर बसून माहीत नव्हतं. हे कसं लिहायचं? मी मुद्द्यांना क्रमांक दिले, खाली रेघ मारली आणि पुढचा प्रश्न घेतला.

बाहेर येऊन फोन चालू केला. आप्पांचे इतके मिस्ड कॉल होते की स्क्रीन खाली सरकवावी लागली. आप्पा दिवसा फोन करत नाहीत. दिवसा ते मेंढरांकडं असतात आणि फोन घरी खुंटीला पिशवीत असतो. मी व्हरांड्यात उभा राहिलो. पोरं उत्तरं ताडून बघत होती, कोणी मला विचारलंही, दुसऱ्या प्रश्नाला काय लिहिलंस. माझा अंगठा आप्पांच्या नावावर होता आणि तो दाबला जात नव्हता. जोवर लावत नाही तोवर काही झालेलं नाही, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं. मित्र आला, त्यानं माझ्या हातातल्या फोनची स्क्रीन बघितली, आणि तो नेहमी चेष्टा करणारा मुलगा माझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

मी फोन लावला. आईनं उचलला. ती रडत होती. "बाबा," एवढंच तिला म्हणता आलं. ते रडणं कसलं आहे हे मला कळेना. मी आई, आई म्हणत राहिलो. मागं नाना कोणाला तरी मोठ्यानं काही सांगत होते. मग फोन आप्पांनी घेतला.

"आरं उचलत का न्हाईस?"

"पेपर हुता आप्पा. काय झालं?"

"दादाचा फोन आला हुता. बंदराच्या तोंडाला नांगर टाकलाय म्हणला."

मी खाली बसलो. व्हरांड्याच्या पायरीवरच.

"आन इंजिन?"

"न्हाई थांबलं. लाटा पार वरनं जात हुत्या, भांडी बांधून ठेवली हुती, पर इंजिन एकदा बी थांबलं न्हाई म्हणला."

"मग मधी कशाला थांबली हुती?"

"ती व्हय? आधीच ठरल्यालं काम. धूर भाईर सोडायची झडप असती म्हणं, तिचं चालायचं ठरल्यालं तास भरलं हुतं. चालू हुती, पर काढली. शांत पाणी बघून. काढून बघितली तर एका कडंनं जळून गेल्याली. लाटांत गेली असती म्हणला." आप्पांचा आवाज चढला. "घाटाच्या अलीकडं थांबली हुती रं. मी म्हणलं न्हवतं?"

मागून नानांचा आवाज आला, "आन इचार की, आपलं विहिरीचं कवा खोलणार हाय! चालू हाय म्हणावं अजून!"

"त्याला मी इचारलं जेवलास का," आप्पा म्हणाले. "तर व्हय म्हणला. जेवलाय."